संगणकाचा अखंड पहारा



मी संगणकशास्त्राचा अभ्यासक नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिक म्हणून लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे संगणकासमोर बसून लोकांच्या पैशांच्या नोंदी करीत आलो. तरीही या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला, याला कारण आपल्या अभ्यासिकेत घडलेली एक घटना आहे.

मागील वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या मुदतीला दोनच दिवस उरले असताना बी.कॉम.ला शिकणारी एक मुलगी रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. तिच्या पेन ड्राईव्हमध्ये जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका अशी सर्व कागदपत्रे स्कॅन करून ठेवलेली होती. अभ्यासिकेतील संगणकाला तो लावल्यानंतर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागले आणि आतील फाईली काही केल्या उघडेनात. सुदैवाने त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. व्हायरसने खऱ्या फाईली लपवून त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट पुढे केले होते. फाईली परत मिळाल्या व शेवटच्या दिवशी अर्ज भरला गेला. परंतु त्याच आठवड्यात दुसऱ्या एका विद्यार्थ्याने घाबरून आपला पेन ड्राईव्ह फॉर्मॅट करून टाकला. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी त्याने गावातील वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या, त्या सर्व गेल्या. मुलाखत देणाऱ्यांपैकी एक आजोबा त्यापूर्वीच वारले होते. त्यांचे बोलणे आता कोणाकडेच नाही.

तेव्हा सर्वांनी एकच प्रश्न विचारला, "संगणकात अँटिव्हायरस होता ना? मग असे झालेच कसे?" अँटिव्हायरस खरोखरच होता. पडद्याच्या कोपऱ्यात त्याची हिरवी खूणही दिसत होती. मग चूक कोठे झाली? हे समजण्यासाठी हा पहारेकरी आपल्या नकळत कोणते काम करीत असतो, ते प्रथम पाहिले पाहिजे.

१. पहारा कोणाविरुद्ध?

संगणकाचा व्हायरस हा रोगजंतू नव्हे. तो माणसाने लिहिलेला एक प्रोग्रॅमच असतो. स्वतःच्या प्रती काढून दुसरीकडे पसरणे हा त्याचा मुख्य गुणधर्म. साध्या घरगुती संगणकांवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस 'ब्रेन' या नावाने ओळखला जातो. तो १९८६ साली पाकिस्तानातील लाहोर येथे दोघा भावांनी लिहिला आणि त्याचा प्रसार फ्लॉपीवाटे झाला. त्या वेळची फ्लॉपी आणि आजचा पेन ड्राईव्ह, यांत प्रसाराच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

पुढे याचे अनेक प्रकार झाले. माणसाने काहीही न उघडता नेटवर्कमधून आपोआप पसरतो तो वर्म. उपयुक्त प्रोग्रॅमचे सोंग घेऊन आत येतो तो ट्रोजन. फाईली कुलूपबंद करून खंडणी मागतो तो रॅन्समवेअर. या सर्वांना मिळून मालवेअर असे म्हणतात. बोलताना आपण सर्वांनाच व्हायरस म्हणतो आणि या लेखातही तसेच म्हणण्यास हरकत नाही.

२. पहारेकरी कोठे बसतो?

अनेकांची अशी समजूत असते की, आपण 'स्कॅन'चे बटण दाबले की अँटिव्हायरस कामाला लागतो आणि एरवी तो स्वस्थ असतो. ही समजूत बरोबर नाही. बटण दाबून होणारी तपासणी म्हणजे वार्षिक ऑडिट होय. खरे काम रोजच्या काउंटरवर, प्रत्येक व्यवहाराच्या वेळी होत असते. त्याला 'रिअल-टाईम प्रोटेक्शन' म्हणतात.

हे असे चालते. आपण एखादी फाईल उघडली की तिची मागणी प्रथम विंडोजसारख्या संचालन प्रणालीकडे जाते. अँटिव्हायरसचा एक लहानसा भाग या प्रणालीच्या अगदी आत, फाईलींच्या वाटेवरच बसविलेला असतो. मागणी आली की तो ती क्षणभर थांबवितो, फाईल तपासतो आणि मगच पुढे सोडतो. नवी फाईल डिस्कवर लिहिली जाताना, पेन ड्राईव्हमधून कॉपी होताना, ई-मेलमधील जोडपत्र उतरविताना, प्रत्येक वेळी हेच घडते. हा क्षण इतका लहान असतो की आपल्याला तो जाणवत नाही. एकदा तपासलेली व नंतर न बदललेली फाईल तो लक्षात ठेवतो. त्यामुळे तेच काम पुनःपुन्हा करावे लागत नाही.

आपण संगणक सुरू करून लॉग-इन करण्यापूर्वीच हा पहारा सुरू झालेला असतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून तर अशी सोय आहे की, सुरुवातीला जे अनेक छोटे प्रोग्रॅम लागतात, त्यांच्या आधी अँटिव्हायरसचा एक भाग उभा राहतो व नंतर येणाऱ्यांची झडती घेतो. चोराने पहारेकऱ्याच्या आधी इमारतीत शिरून बसू नये, हा त्यामागील हेतू.

इतक्या आत बसण्यात धोकाही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक सदोष अपडेट गेले आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवरही त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यात व्हायरस कोठेच नव्हता. पहारेकरीच दारात कोसळला आणि दार अडले. त्याला आपण किती आत जागा दिलेली असते, हे या घटनेवरून ध्यानात येईल.

३. चोर ओळखायचा कसा?

ओळख पटविण्याच्या मुख्यतः तीन पद्धती आहेत. माझ्या नोकरीतील उदाहरणे घेऊनच त्या सांगतो.

पहिली पद्धत सहीची. धनादेश आला की आम्ही खातेदाराची नमुना सही काढून धनादेशावरील सहीशी ताडून पाहतो. अँटिव्हायरसजवळही अशा नमुन्यांचा मोठा संग्रह असतो आणि त्या नमुन्याला 'सिग्नेचर', म्हणजे सहीच, म्हणतात. फरक इतकाच की बँकेत सही जुळली तर पैसे मिळतात, येथे सही जुळली तर अटक होते. कारण हा संग्रह गुन्हेगारांच्या खुणांचा असतो.

या पद्धतीची उणीव उघड आहे. ज्याची खूण संग्रहात नाही, असा नवा चोर सुटून जातो. व्हायरस लिहिणारे लोक मूळ प्रोग्रॅम तोच ठेवून वरचे रूप सतत बदलत असतात. म्हणून दुसरी पद्धत आली, ती म्हणजे रचनेवरून अंदाज बांधण्याची. संशयास्पद प्रोग्रॅम प्रत्यक्ष संगणकावर न चालविता एका कृत्रिम, बंदिस्त जागेत क्षणभर चालवून पाहिला जातो. तेथे तो काय करू पाहतो, यावरून त्याची परीक्षा होते.

तिसरी पद्धत वर्तनाची. समजा, एखादे खाते पाच वर्षे निष्क्रिय आहे आणि एके दिवशी त्यातून तासाभरात दहा वेळा रक्कम काढली जाते. सही अगदी बरोबर असली तरी काउंटरवरील माणूस सावध होईलच. त्याचप्रमाणे एखादा प्रोग्रॅम आत येताना निर्दोष वाटला, परंतु चालू झाल्यावर एकामागून एक शेकडो फाईली उघडून त्यांचे रूपांतर करू लागला, विंडोजने राखून ठेवलेल्या जुन्या प्रती पुसू लागला, तर अँटिव्हायरस त्याला मध्येच थांबवितो. रॅन्समवेअर पकडण्याची ही एक महत्त्वाची पद्धत आहे.

याशिवाय आता इंटरनेटची मदत घेतली जाते. अनोळखी फाईल दिसली की तिचा जणू अंगठ्याचा ठसा कंपनीच्या मुख्य संगणकाकडे पाठवून विचारणा होते. जगात इतरत्र ती फाईल घातक ठरली असेल तर उत्तर तत्काळ मिळते. ज्या संगणकाला इंटरनेट नाही, त्याला मात्र जवळच्या संग्रहावर व स्वतःच्या अंदाजावरच भागवावे लागते.

विद्यार्थ्यांना येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. हे तंत्र केवळ परदेशातच घडले असे नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलाश काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंत झालेले. पुण्यात कॅल्क्युलेटर व नंतर संगणक दुरुस्त करण्याचा त्यांचा व्यवसाय होता. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसच फार सापडत, म्हणून त्यांचे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिण्यास सुरुवात केली. त्यातून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' हे अँटिव्हायरस उभे राहिले आणि २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

४. सापडल्यावर काय होते?

बँकेच्या काउंटरवर बनावट नोट सापडली तर ती ग्राहकाला परत देत नाहीत आणि फाडूनही टाकत नाहीत. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करतात, पोच देतात व नोंद ठेवतात. अँटिव्हायरसही बहुधा असेच करतो. संशयित फाईल तो लगेच नष्ट न करता 'क्वारंटाइन'मध्ये, म्हणजे एका बंद कप्प्यात ठेवतो. तेथून ती चालू होऊ शकत नाही. करोनाच्या काळात हा शब्द घरोघरी पोहोचला, त्यामुळे त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

नष्ट न करण्याचे कारण असे की, पहारेकऱ्याचीही चूक होऊ शकते. कधी कधी एखादी निर्दोष फाईलही संशयावरून पकडली जाते. ती खरोखर निर्दोष असल्याची खात्री झाली तर कप्प्यातून परत काढता येते. परंतु ही खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. "माझी फाईल आहे, तिच्यात काय असणार?" असे म्हणून ती सोडवून घेऊ नये.

५. अपडेट का आवश्यक?

खुणांचा संग्रह जुना झाला तर पहारेकरी जागा असूनही आंधळा ठरतो. म्हणून हा संग्रह बहुधा रोज, कधी दिवसातून अनेकदा, इंटरनेटवरून आपोआप अद्ययावत होत असतो. त्याखेरीज विंडोजची स्वतःची अपडेटही तितकीच महत्त्वाची आहेत. पहिले अपडेट म्हणजे चोरांची नवी छायाचित्रे, तर दुसरे म्हणजे भिंतीला पडलेले भगदाड बुजविणे.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या रॅन्समवेअरने १५० हून अधिक देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. तो ज्या भगदाडातून शिरला, ते बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, १४ मार्च २०१७ रोजीच दिलेले होते. ज्यांनी ते घेतले, त्यांच्या संगणकांत या वाटेने त्याला शिरता आले नाही. ज्यांनी "नंतर बघू" म्हटले, ते सापडले.

त्याच वर्षी २७ जून रोजी 'नॉटपेट्या' आला. तो प्रथम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच दडून पसरला व आत शिरल्यावर याच भगदाडाचाही त्याने उपयोग केला. त्याचा फटका मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसला. ओळखीच्या माणसाच्या हातून आलेली वस्तूही घातक असू शकते, हे त्यावरून दिसून आले. म्हणूनच केवळ सही पाहून चालत नाही, वर्तनावरही नजर ठेवावी लागते.

६. आपल्या संगणकाचे काय झाले?

आता अभ्यासिकेतील संगणकाकडे वळू. त्यात विंडोजबरोबर येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू होता व त्याची अपडेटही नियमित होत होती. मी त्याच्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लुजन्स' ही यादी उघडून पाहिली. जेथे तपासणी करू नये अशा जागांची ही यादी असते. त्या यादीत सी, डी आणि ई हे तिन्ही ड्राईव्ह लिहिलेले होते!

चौकशी केल्यावर उलगडा झाला. कोणीतरी मराठी टायपिंगचे एक सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून त्याची चोरटी प्रत आणली होती. डिफेंडर ती चालू होऊ देईना. सोबतच्या सूचनेत असे लिहिले होते की, अँटिव्हायरस चुकीचा इशारा देतो, तरी हे ड्राईव्ह त्यातून वगळावेत. त्या सद्‌गृहस्थांनी तसे केले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, संस्थेचे पैसे वाचावेत एवढीच इच्छा होती. परंतु व्हायरस त्याच प्रतीतून आला आणि नंतर लावलेल्या प्रत्येक पेन ड्राईव्हवर चढत गेला. पहारेकरी दारात उभा होता. "या तीन खोल्यांकडे पाहू नकोस" असे आपणच त्याला सांगून ठेवले होते. ती हिरवी खूण खोटी नव्हती. पहारा चालू आहे एवढेच ती सांगत होती, कोठे चालू आहे हे सांगत नव्हती.

यात आणखी एक चूक होती. अभ्यासिकेत येणारा प्रत्येक जण त्या संगणकावर 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून काम करीत असे. बँकेत तिजोरीची किल्ली प्रत्येकाच्या हाती नसते. आपण मात्र ती सर्वांच्या हाती दिली होती.

७. आपण काय करावे?

(१) पहारा बंद करण्यास सांगणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमवर विश्वास ठेवू नये. "आधी अँटिव्हायरस बंद करा" ही सूचना म्हणजेच धोक्याची पहिली खूण समजावी.

(२) महिन्यातून एकदा वगळलेल्या जागांची यादी पाहावी. घरगुती संगणकावर ती सर्वसाधारणपणे रिकामीच असावी.

(३) रोजच्या कामासाठी साधे खाते वापरावे. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एक-दोन जबाबदार व्यक्तींकडेच असावा.

(४) एका संगणकावर एकच अँटिव्हायरस पूर्णपणे चालू ठेवावा. दोन पहारेकरी एकाच दारात उभे केले तर ते एकमेकांनाच अडवितात व संगणक मंद होतो.

(५) देणगी म्हणून मिळालेले जुने संगणक वापरताना विंडोजची आवृत्ती पाहावी. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. भिंत दुरुस्त होत नसेल तर पहारेकरी एकटा किती पुरा पडणार?

(६) पहारा जागा आहे की नाही, याची परीक्षा घेता येते. युरोपातील आयकार या संस्थेने ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाईल तयार केलेली आहे. ती खरा व्हायरस नाही, परंतु सर्व प्रमुख अँटिव्हायरसनी तिला व्हायरस समजून पकडावे असा संकेत आहे. ती उतरवून घेताच इशारा आला, तर पहारा जागा आहे. मात्र दुसऱ्याच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

(७) महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत नेहमी दुसरीकडे ठेवावी. त्या विद्यार्थ्याच्या मुलाखतींची दुसरी प्रत असती, तर आज आजोबांचा आवाज आपल्याजवळ राहिला असता. पेन ड्राईव्हमध्ये काही विचित्र दिसले तर घाईने फॉर्मॅट करू नये. तो काढून बाजूला ठेवावा आणि जाणत्या माणसाला दाखवावा.

एक मर्यादा शेवटी सांगितलीच पाहिजे. अँटिव्हायरस प्रोग्रॅमवर नजर ठेवतो, माणसाच्या बोलण्यावर नाही. फोनवर कोणी गोड बोलून ओटीपी मागितला आणि आपण तो सांगितला, तर कोणतेही सॉफ्टवेअर आपला हात धरणार नाही. असे काही घडल्यास वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. उशीर झाला की रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे निघून जाते व परत मिळणे अवघड होते, हे मी रोज पाहतो.

आपल्या मुलामुलींसाठी तो एक संगणक म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीची जाहिरात, सर्व काही आहे. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांच्यासाठी तर दुसरा मार्गच नाही. त्या घटनेनंतर अभ्यासिकेत संगणकाशेजारी एक वही ठेवलेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक विद्यार्थी अपडेटची तारीख व वगळलेल्या जागांची यादी पाहतो आणि वहीत नोंद करून सही करतो. या कामास पाच मिनिटेही लागत नाहीत. मुलाखती गमावलेला विद्यार्थीच सध्या ही वही सांभाळतो.

सभासदांनी आपल्या घरच्या संगणकावरही आजच ती यादी एकदा उघडून पाहावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती आहे.